नऊ सासूबाई आणि एक शीळ

“शीळ वाजते हिच्यातून! ‘साखर’ म्हटलं की एकदा, ‘सासू’ म्हटलं की दोनदा!” असं म्हणून सासूबाईंनी कवळी काढली आणि जावयाच्या चहाच्या कपाशेजारी आपटली.

आता, हा जावई काही कुठलाही जावई नव्हता. गल्लीच्या टोकाला दातांची लॅब होती आणि तिथे तो सतरा वर्षं कवळ्या बनवत होता. त्याने बनवलेल्या दातांनी कितीतरी माणसं खात होती, हसत होती, एकमेकांवर दातओठ खात होती, आणि एवढ्या वर्षांत कुणाची कुरकुर म्हणून आली नव्हती. आली ती घरातूनच. तीही नेमकी या रविवारी, जेव्हा सासूबाईंच्या तोंडून एक गाणं, फक्त एकच गाणं, नीट बाहेर यायला हवं होतं.

गाण्याची भानगड अशी. सासूबाईंना एक थोरली बहीण होती, ताई. वय शहात्तर आणि राहायला लांब, इतकी लांब की जायचं तर दीड दिवसाचा प्रवास, आणि सासूबाईंचे गुडघे तर जिन्याच्या चौथ्या पायरीलाच हात टेकत. एके काळी या दोघी फोनवर बसल्या की घरातल्यांची जेवणं उरकत, भांडी होत, तरी यांचं “बरं, ठेवते” काही संपत नसे. मग ताईंना ऐकू येईनासं झालं. सात वर्षं झाली त्याला. सात वर्षं चिठ्ठ्या, फोटो आणि ताईंच्या सुनेच्या हातून निरोप. मध्ये एकदा कानाचं मशीन आणलं होतं. ताईंनी ते दहा मिनिटं लावलं, “डोक्यात कुणीतरी बादल्या आपटतंय” म्हणाल्या आणि खणात टाकून दिलं.

आता नवं मशीन सोमवारी सकाळी दहाला बसवायचं होतं. शुक्रवारी ताईंच्या सुनेचा फोन आला. “मावशी, कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिला आवाज ओळखीचा असू दे. एकच, साधा. माणूस त्याला धरून बसतं, मग मशीन काढत नाही. तुमचं दोघींचं ते भांडी घासायचं गाणं पाठवाल का? आणि एक सांगते, आईंनी बजावून ठेवलंय, या खेपेला जमलं नाही तर पुन्हा माझ्या कानाला कुणी हात लावायचा नाही.”

सासूबाईंनी फोन ठेवला आणि मिनिटभर एक अक्षर बोलल्या नाहीत. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत जावयाने असं कधी पाहिलं नव्हतं.

“आई,” तो घाईघाईने म्हणाला, “माझ्या लॅपटॉपवर करू आपण. झकास करू!”

लॅपटॉप हे त्याचं दुसरं वेड. त्यात गाणी बनवायचं एक सॉफ्टवेअर फुकट आलं होतं, आणि तीन वर्षांत त्याने त्यावर एकेचाळीस गाणी सुरू केली होती. पुरं झालेलं एकही नव्हतं. एकाला ढोल होता पण चाल नव्हती, एकाला चाल होती पण शब्द नव्हते, आणि सतराव्यात नुसतंच त्याचं खोकणं होतं. बायको म्हणायची, “अरे, निदान एकाचा तरी शेवट लाव, मग मी नाचते.” बायको पोहायला शिकवायची. तिच्या गळ्यात कायम शिट्टी आणि आवाज असा, की तलावाच्या पलीकडच्या काठावरचं माणूस दचकावं.

तर रविवारी सकाळी घराचा स्टुडिओ झाला. बेडरूममधल्या दोन्ही गाद्या भिंतीला उभ्या केल्या, खिडकीवर रजई टांगली, घरघर करतो म्हणून फ्रिज बंद केला. मध्ये सासूबाई खुर्चीत, डोक्यावर भलेमोठे हेडफोन, समोर झाडूच्या दांड्याला बांधलेला माइक.

“हे डोक्यावरचं काढा आधी. केस बसतायत.”

“आई, त्याशिवाय ऐकू कसं येईल?”

“मला येतं ऐकू! ताईला येत नाही!”

गाणं लहानपणीचं, दोघींनीच रचलेलं. धाकटीने विचारायचं, ताईने उत्तर द्यायचं, आणि मध्ये पातेल्यावर राख फासायची.

*सांग गं सांग, तिकडे कोण?*
*मीच गं मी, दुसरं कोण!*
*सांग गं सांग, सांडलं काय?*
*सांडलं तर सांडलं, तुझं गं काय!*
*सांग गं सांग, हसलं कोण?*
*आपण दोघी, आणखी कोण!*

बघितलंत? धाकटीच्या ओळीओळीत ‘स’च ‘स’. साठ वर्षांपूर्वी दातांचा प्रश्न नव्हता हो. आता सासूबाई “सांग गं सांग” म्हणायच्या आणि वाफेच्या किटलीसारखी एक बारीक, टोकदार शीळ निघायची. स्क्रीनवर आवाजाची हिरवी रेघ सुरळीत चालताना मध्येच उभी राहायची. जावयाला तिथे बोट ठेवून दाखवता येत होतं: हा पहिला ‘स’, हा दुसरा. आपली चूक इतक्या स्वच्छ हिरव्या रंगात त्याने जन्मात पाहिली नव्हती.

“साठच्या पुढे मोजा,” तो म्हणाला. लॅबमध्ये हीच पद्धत. कवळीचा ‘स’ तपासायचा तर एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत मोजायला लावायचं.

“एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट...” प्रत्येक आकड्याला शीळ. “सदुसष्ट...” आणि सासूबाई थांबल्या. “पुढचं नाही म्हणणार. ते माझं वय आहे.”

मग त्याने घासायचं छोटं मशीन काढलं, मेणाची कांडी काढली आणि गाद्यांच्या मध्येच दुकान मांडलं. पुढच्या दातांच्या मागे मेणाचा कण लावायचा, कवळी धुवायची, सासूबाईंनी बसवायची, बायकोने शिट्टी फुंकायची, की गाणं सुरू. पहिल्या कणाने शीळ कमी झाली. दुसऱ्याने ती गेली, पण ‘स’ही तिच्याबरोबर गेला.

“शांग गं शांग, शांडलं काय?” सासूबाई गायल्या आणि स्वतःच गप्प झाल्या. मग त्यांच्या खांद्याला गदागदा हिसके बसायला लागले. जावई घाबरला. बघतो तर बाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. “अगं, शांगा मला कुणीतरी, मी काय शांगतेय!” बायको गादीवर कोसळली, गादी माइकवर कोसळली, आणि झाडू सासूबाईंच्या मांडीत येऊन पडला. हेही रेकॉर्ड झालं, बरं का.

मेण थोडं खरवडलं, जमलं. धाकटीची ओळ झाली. मग जावई म्हणाला, “आता ताईंची ओळ.”

“ती कोण गाणार?”

“तुम्हीच. लॅपटॉपवर प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी असते, हा दुसऱ्या पट्टीत टाकू. आधीचं कानात वाजत राहील, तुम्ही फक्त उत्तरं द्यायची.”

सासूबाईंना खरं वाटेना. शिट्टी झाली. हेडफोनमधून त्यांचाच आवाज आला, “सांग गं सांग, तिकडे कोण?” आणि सासूबाईंनी मान ताठ केली, हनुवटी वर केली, थेट ताईंसारखी, आणि ठसक्यात उत्तर दिलं. दोन्ही आवाज एकत्र ऐकवले, तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच. गुडघे विसरून.

“म्हणजे मी तिथेही आहे आणि इथेही आहे?”

“हो.”

“अजून एक मी घालता येईल?”

इथे जावयाने नाही म्हणायला हवं होतं. पण एकेचाळीस गाणी अर्धवट सोडलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदाच “अजून एक” म्हणत होतं! त्याचं भानच सुटलं. तिसऱ्या सासूबाई आल्या, चौथ्या आल्या. पाचव्या नुसत्या “गं गं गं” करत होत्या. सहाव्या पातेलं वाजवत होत्या, सातव्या आठव्यांना रागवत होत्या, आणि नवव्या सासूबाईंशी घासायच्या मशीनचा सूर नेमका जुळला म्हणून ते मशीनही घेतलं. बायको मध्ये मध्ये शिट्टी फुंकत होती. घरभर नाच चालला होता. वरच्या मजल्यावरच्यांनी काठी आपटली, तर सासूबाई म्हणाल्या, “ताल चांगला आहे त्यांचा, घ्या तोही.”

सगळं एकदम वाजवलं, आणि नऊ सासूबाई एकाच वेळी घरात शिरल्या. अकरा वर्षं एकीला तोंड देताना ज्याच्या नाकी नऊ आले होते, तो जावई त्या दिवशी नऊ जणींच्या मधोमध उभा राहून टाळ्या पिटत होता.

“अरे पण,” बायको धापा टाकत म्हणाली, “मावशीच्या डोक्यात बादल्या आपटल्या ना मागच्या वेळी?”

तिघेही जागच्या जागी थांबले. वरचा काठीवालासुद्धा थांबला.

“एकच, साधा,” सासूबाई हळूच म्हणाल्या. त्या खाली बसल्या. चेहऱ्यावरचं हसू उतरलं आणि त्यांना एकदम गुडघे आठवले. “मी काय पोरखेळ लावलाय. तिनं मशीन काढून फेकलं म्हणजे?”

“काढू सगळ्या,” जावई म्हणाला. एकेक सासूबाई त्याने पुसली. दोनच ठेवल्या, धाकटी आणि ताई.

तोवर चहा झाला, बिस्किटं झाली. परत ऐकलं, तर धाकटीच्या शेवटच्या ओळीत पातेल्याचा ठणका राहून गेला होता. ती संपूर्ण ओळ पुन्हा गायची ठरलं. सासूबाई गायल्या, आणि शीळ हजर! गरम चहाने मेण वितळून पोटात गेलं होतं. आता मेणही संपलं होतं, लॅबला रविवारचं कुलूप होतं, आणि बाईंचा आवाजही दमला होता.

आता नीट ऐका, पुढची गंमत इथेच आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर एक पिवळं बटण असतं. ते दाबलं की तेवढी एकच पट्टी बोलते, बाकी सगळ्या चिडीचूप. जावयाने धाकटीचं पिवळं बटण दाबलं, हेडफोन घातले आणि एकेका ‘स’वरची शीळ हाताने खाली ओढत बसला. दीड तास. कवळीत जमलं नाही ते स्क्रीनवर तरी जमवायचं, एवढंच डोक्यात. शीळ गेली नाही, पण केसाएवढी बारीक झाली. संध्याकाळी सहाला त्याने फाइल काढली, ताईंच्या सुनेला पाठवली आणि हातपाय ताणले.

“शेवट लागला एका गाण्याचा!” तो ओरडला. बायकोने वचन पाळलं आणि नाचली.

सोमवारी सकाळी दहाला पाच कमी असताना तो लॅबमध्ये कुणाचा तरी खालचा जबडा हातात घेऊन बसला होता. सहज मनात आलं, ऐकावं एकदा. फोनवर फाइल लावली.

*सांग गं सांग, तिकडे कोण?*

पुढे काहीच नाही. नुसती शांतता, एक ओळभर.

*सांग गं सांग, सांडलं काय?*

पुन्हा शांतता.

पिवळं बटण! बटण तसंच दाबलेलं राहिलं होतं आणि फाइल निघाली ती एकट्या धाकटीची. त्याने सुनेला फोन लावला, वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, तेच. मग तो जबडा हातात घेऊनच गल्लीतून पळत सुटला. भाजीवाली ओरडली, “अहो, कुणाचे दात पळवताय?” त्याला काही सुचत नव्हतं.

घरी सासूबाई आणि बायको टेबलाशी, मध्ये फोन ठेवून बसलेल्या. सासूबाईंनी नवं पातळ नेसलं होतं. कशाला, कुणास ठाऊक. फोनवर गाण्याला कोण बघणार होतं?

“आई,” तो दारातूनच म्हणाला, “चूक झाली. माझी चूक झाली. ताईंची ओळ गेलीच नाही. नुसती तुमची गेली.”

सासूबाईंनी पातळाचा पदर बोटाला गुंडाळला. “म्हणजे मी ‘कोण’ विचारते, आणि पुढे कुणी बोलतच नाही?”

“हो.”

“सात वर्षं जिला काही ऐकू आलं नाही, तिला तुम्ही शांतता पाठवलीत, जावईबापू?”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. हातातला जबडा त्याने टेबलावर ठेवला. बायकोने एकदा जबड्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सव्वादहाला फोन किणकिणला. सुनेने एक व्हिडिओ पाठवला होता. तिघांनी डोकी जोडून तो लावला.

पांढरी खोली. खुर्चीत ताई, गाल फुगवून, हातात पर्स गच्च धरून, जणू कुणी ती चोरायलाच आलंय. डॉक्टरीणबाईंनी कानामागे काहीतरी बसवलं आणि सुनेला खूण केली.

*सांग गं सांग, तिकडे कोण?*

ताई दचकल्या. मग शांतता आली, आणि त्यांचा हात कानाकडे गेला. “बंद पडलं,” त्या म्हणाल्या. “सांगत होते मी तुम्हाला.” बोटं मशीनला भिडलीसुद्धा.

*सांग गं सांग, सांडलं काय?*

हात तसाच थांबला. ताईंनी मान वाकडी केली. पुन्हा शांतता. त्यांच्या कपाळावर आठी चढली, आणि ती आठी भीतीची नव्हती, रागाची होती. “ही अशी थांबते काय सारखी?” त्या म्हणाल्या. “हां हां. इथे माझं आहे.”

*सांग गं सांग, हसलं कोण?*

आणि ताईंनी तोंड उघडलं. चिरका, गंजलेला, बेसूर आवाज निघाला, “आपण दोघी, आणखी कोण!” आणि त्या इतक्या चमकल्या, की पर्स खाली पडली.

“हे कोण गायलं?”

“तुम्हीच, आई,” सून म्हणाली. ती रडत होती, म्हणून चित्र हलत होतं.

ताईंनी पडलेली पर्स उचलून मांडीत घेतली. मग त्यांनी फर्मावलं, “पुन्हा लाव.” दुसऱ्या खेपेला त्यांनी तिन्ही उत्तरं दिली. तिसऱ्या खेपेला ठसक्यात दिली. चौथ्या खेपेला हात वर करून म्हणाल्या, “थांबा. मधे ही बारीक शिट्टी कसली वाजतेय? तिच्या दातांत काही अडकलंय का?”

डॉक्टरीणबाईंनी टाळीच वाजवली. “ती ऐकू आली तुम्हाला? अहो, इतका बारीक आवाज तुमच्या कानाला येतच नव्हता! म्हणजे मशीन अगदी बरोबर बसलंय!”

व्हिडिओ संपला. मग बायकोने गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि जीव खाऊन फुंकली, आणि सासूबाईंनी जावयाचे दोन्ही कान धरून त्याला गदागदा हलवलं. हा राग होता की लाड, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. “हात लावायचा नाही माझ्या कवळीला!” त्या ओरडत होत्या. “पुन्हा मेण लावाल तर याद राखा! शीळ तशीच राहू दे!”

तेवढ्यात फोन वाजला. खरा फोन. पडद्यावर सुनेचं नाव, पण बोलत होत्या ताई. “हॅलो? अगं हॅलो? कुणी आहे का तिकडे?”

जावई धावला. लॅपटॉप उघडला, ताईंच्या नावाची पट्टी रिकामी केली, माइक फोनसमोर धरला आणि पिवळी बटणं तीन तीन वेळा तपासली. एकही दाबलेलं नव्हतं.

सासूबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला. पातळ सारखं केलं. घसा साफ केला आणि गायल्या, शिळेसकट, “सांग गं सांग, तिकडे कोण?”

“मीच गं मी, दुसरं कोण!” पलीकडून ताई कडाडल्या. स्क्रीनवर हिरवी रेघ उसळली.

आता सासूबाईंची पाळी. जावयाने त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं ज्यांचं तोंड झोपेतसुद्धा मिटलं नव्हतं, त्या बाईंचे ओठ नुसते हलत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. आवाज काही फुटेना. हिरवी रेघ सरळ, सपाट चालली होती. जावयाने ती थांबवली नाही.

“अगं, थांबलीस काय?” फोनमधून ताई खेकसल्या. “पुढचं तुझं आहे!”